वणीची घोडी न्यू जर्सीला का जात नाही

फेब्रुवारीतलं लग्न. नवरदेव मूळचा वणीचाच, पण काही वर्षांपासून न्यू जर्सीत नोकरीला. वरात निघाली. बँडवाले एकाच जागी दहा-दहा मिनिटं थांबत होते, पोरं रस्ता अडवून नाचत होती, बाजूने कोळशाचे ट्रक हॉर्न देत होते. त्या सगळ्या गदारोळात घोडी मात्र डोळे अर्धे मिटून उभी. नवरदेवाच्या धाकट्या भावाला तिचा हा शांतपणा इतका आवडला, की त्याने तिथल्या तिथे घोडीवाल्याकडे विषय काढला. दुसऱ्या दिवशी सकाळी घोडीवाला माझ्या ओट्यावर.

"सर, नवरदेवाचा भाऊ इचारत होता. आपली घोडी अमेरिकेले नेता येते का जी? म्हने, पैशाचं पाहू."

मी हसलो. तो हसला नाही. त्याच्या दृष्टीने प्रश्न साधा होता. घोडी त्याने माळेगावच्या यात्रेतून आणली होती, नांदेड जिल्ह्यातल्या खंडोबाच्या. तिथून वणीला येते, तर वणीहून पुढे का जाऊ नये? शाळेतून निवृत्त झालेल्या माणसाला गावात कोणीही काहीही विचारतं आणि उत्तर शोधायला त्याच्याकडे वेळही असतो. मी शोधायला बसलो आणि वर्षभर त्यातच राहिलो.

आधी आठवलं ते हे, की चांगला घोडा दख्खनमध्ये बहुतेक समुद्रातून यायचा. आपलं भीमथडी तट्टू चिवट, डोंगरात चालणारं, पण उंचापुरा जातिवंत घोडा म्हटला की तो अरबस्तानचा किंवा इराणचा. होर्मुझहून, पुढे बसऱ्याहून गलबतं भरून घोडे पश्चिम किनाऱ्यावर उतरत. तेराव्या शतकाच्या शेवटी आलेल्या मार्को पोलोने ठाण्याच्या राजाची एक मासलेवाईक गोष्ट नोंदवली आहे. या राजाचं चाच्यांशी साटंलोटं होतं. लुटीतला बाकी माल चाच्यांचा, घोडे मात्र राजाचे. दोनशे वर्षांनी पोर्तुगीजांनी 1510 मध्ये गोवा घेतलं, त्यालाही घोड्यांच्या व्यापाराचं कारण होतंच. गोव्यात उतरलेला घोडा विजयनगरला जायचा की विजापूरला, यावर दोन्ही दरबारांचं बळ मोजलं जाई.

पण मला खरी गंमत वाटली ती उतरल्यानंतरच्या गोष्टीची. मार्को पोलो लिहितो, की दक्षिणेत दरवर्षी हजारो घोडे येतात आणि वर्ष संपता संपता त्यातले थोडेच उरतात. तिथे त्यांना भाताबरोबर शिजवलेलं मांस खाऊ घालतात. घोड्याची निगा जाणणारा माणूस तिथे नाही, आणि विकणारे व्यापारी तसा माणूस तिथे पोचूही देत नाहीत, कारण घोडे मेले तर पुढच्या वर्षी पुन्हा खपतील. त्याच काळातला इराणी लेखक वस्साफ सांगतो, की इथे घोड्यांना भाजलेला जव आणि लोण्यात शिजवलेलं धान्य देतात, वर तापवलेलं गाईचं दूध. म्हणजे पाहुण्याचा पाहुणचार जोरात होता. जावयाला श्रीखंड-पुरी खाऊ घालावी तसा. जावई निदान नको म्हणू शकतो.

घोड्याचं पोट या थाटासाठी केलेलंच नाही. इतक्या थोराड जनावराचं जठर जेमतेम दहा-पंधरा लिटरचं. त्याला दिवसभर थोडं थोडं खायला हवं, आणि एकदा खाल्लेलं ओकून टाकता येत नाही. जठराच्या तोंडाची झडपच एवढी घट्ट, की उलटी होतच नाही. खरं पचन होतं ते शेवटाकडे, मोठ्या आतड्यात. तिथे कोट्यवधी जिवाणू गवताचा धागा कुजवून त्यातून ऊर्जा काढतात. हे जिवाणू मालकाच्या गावचे असतात. ज्या चाऱ्यावर ते पोसले गेले, तोच त्यांना ओळखता येतो. एका दिवसात चारा बदलला तर ते मरतात, भलतेच वाढतात, आतड्यात आम्ल आणि वायू साठतो. मग घोडा मागे वळून स्वतःच्या पोटाकडे पाहतो, पाय झाडतो, जमिनीवर लोळतो. घोड्याचा पोटशूळ. सकाळी चंदी खाल्लेला घोडा त्यात संध्याकाळपर्यंत जाऊ शकतो.

हे सगळं वाचून मी घोडीवाल्याला ऐकवायला गेलो, तर त्याने मलाच शिकवलं. माळेगावहून घोडी आणताना त्याने विकणाऱ्याच्या घरचा दोन पोती चारा टेम्पोत टाकून आणला होता. "पहिले आठ दिवस तिले तिच्याच घरचा खाऊ दिला जी. मंग त्याच्यात आपला कडबा थोडा थोडा मिसळवला. हरभरा तर पंधरा दिवस दाखवलाच नाही." पशुवैद्यकाचं पुस्तक सात ते चौदा दिवस म्हणतं. याने पंधरा धरले, आणि पुस्तक पाहिलेलं नाही.

त्याच्या कोठ्यात मी तासभर बसलो. कडब्याची पेंढी मोडून तो नाकाशी नेतो. बुरशीचा वास आला की बाजूला, गाईसमोरसुद्धा नाही. शेजारच्या बैलांच्या गव्हाणीत तुरीचं कुटार आणि सरकीची ढेप. घोडीच्या तोबऱ्यात त्यातलं काहीच नाही. का, असं विचारलं तर म्हणाला, बैलाचं पोट वेगळं. बरोबर आहे. सरकीत गॉसिपॉल नावाचं द्रव्य असतं, रवंथ करणाऱ्या जनावराच्या पहिल्या पोटात ते बरंचसं बांधलं जातं, घोड्याला ते पोटच नाही. आपल्याकडे आता बांधाबांधाला हत्ती गवत, म्हणजे नेपियर, लावतात. गाय ते खुशाल खाते. घोड्याला महिनोन् महिने तेवढंच दिलं तर त्यातलं ऑक्झलेट चाऱ्यातला चुना अडकवून ठेवतं, हाडातला चुना बाहेर पडतो आणि तोंडाची हाडं फुगतात. नुसत्या कोंड्यावर ठेवलेल्या घोड्यांनाही हाच रोग. कोंड्यात फॉस्फरस भरमसाठ आणि चुना नावापुरता. बुरशी लागलेला मका घोड्याच्या मेंदूवर जातो. आणि कोंबड्यांच्या, गुरांच्या तयार खाद्यात जे मोनेन्सिन नावाचं औषध मिसळलेलं असतं, ते थोडंसं पोटात गेलं तरी घोड्याचं हृदय निकामी होऊ शकतं. नव्या गावात घोडा नेताना लोक गवत आहे का एवढंच पाहतात. तिथे शेजारी कोण राहतं, कोंबड्या की गाई, हे आधी पाहावं.

चाऱ्याची ही काळजी आपल्या इतिहासात नवी नाही. 1670 च्या दशकातलं शिवाजी महाराजांचं एक पत्र आहे, चिपळूणकडे छावणी करून असलेल्या लष्कराला. घाटावरची पागा कोकणात उतरलेली, पावसाळा तोंडावर. महाराज लिहितात, साठवलेला दाणा आणि वैरण बेताने वापरा. आत्ताच उधळलंत तर पावसात काही मिळणार नाही, घोडी उपाशी मरतील, मग तुम्ही कुणब्यांच्या घरचं ओढून आणाल. गवताच्या गंजीजवळ दिवा जळता ठेवू नका, उंदीर जळती वात ओढून नेईल आणि सगळी वैरण भस्म होईल, इथपर्यंत तपशील. राज्य करणाऱ्या माणसाच्या पत्रात उंदीर आणि दिव्याची वात, मला हे वाचताना दरवेळी थांबायला होतं. त्याच सैन्याचे वारसदार नव्वद वर्षांनी पानिपतावर अडकले तेव्हा अब्दालीने रसद तोडली. नोव्हेंबर 1760 ते 14 जानेवारी 1761, ऐन थंडी, दख्खनची जनावरं, आणि वैरण नाही. भाऊसाहेबांच्या चुकांवर आपण पिढ्यान् पिढ्या वाद घातले. दावणीला मेलेल्या घोड्यांचा हिशेब त्या वादात मागेच राहिला.

इंग्रजांच्या काळात हा प्रवास यांत्रिक झाला. अरबी घोडा मुंबईत उतरून भेंडीबाजाराच्या तबेल्यांत विकला जाई, भायखळ्याला आणि 1883 नंतर महालक्ष्मीला धावे. लष्कराला लागणारे घोडे मात्र ऑस्ट्रेलियातून येऊ लागले. न्यू साउथ वेल्सचे म्हणून त्यांचं नाव पडलं वेलर. आठवडेच्या आठवडे जहाजाच्या खणात उभ्याने प्रवास. पहिल्या महायुद्धात ऑस्ट्रेलियाने एक लाखाहून जास्त घोडे परदेशी पाठवले. मायदेशी परत गेला एक. त्याचं नाव सँडी. बाकीच्यांना न नेण्याचं मुख्य कारण रोग आणि खर्च. घोडा परदेशी पाठवणं एक वेळ जमतं, परत आणणं नाही, हे तेव्हापासून आहे.

इथल्या उन्हाने आलेल्या घोड्यांना आणखी एक चमत्कारिक व्याधी दिली. थंड देशातून आणलेले काही घोडे, विशेषतः शर्यतीचे आणि पोलोचे, काही काळाने घाम गाळणंच थांबवत. कातडी कोरडी ठणठणीत, नाकपुड्या फुगलेल्या, धाप लागलेली, ताप चढलेला. घोडा माणसासारखा घामानेच थंड होतो. तेच बंद पडलं तर उपाय म्हणजे सावली, गार पाणी, मीठ, आणि तेही न जमलं तर त्याला थंड हवेत परत नेणं. वणीच्या मे महिन्यात पारा पंचेचाळिसाच्या वर जातो. इथली घोडी त्यातही उभी राहते, कारण ती याच उन्हात वाढली.

आता उलट दिशेने जायचं आहे, म्हणजे सगळं उलटं. न्यू जर्सी चाळीस अंश उत्तरेला, वणी वीस. आपल्याकडे वर्षातला सर्वांत लहान दिवस सुमारे अकरा तासांचा, तिकडचा नऊ-सव्वानऊ तासांचा. घोड्याच्या अंगावर थंडीचे केस येतात ते थंडी पाहून नव्हे, दिवस आखूड झालेला पाहून. जानेवारीत इथून गेलेली घोडी तुळतुळीत अंगाने बर्फात उतरेल. झूल घालावी लागेल, पण तिला ऊब खरी देणार गवत. मोठ्या आतड्यात चारा कुजताना जी उष्णता निघते, तीच घोड्याची शेगडी. थंडीत लोक चंदी वाढवतात, ते चुकीचं. वाढवायचं ते वाळलेलं गवत, तिथलं टिमोथी, जे कडब्यापेक्षा मऊ आणि बारीक असतं. चारशे किलोच्या घोडीला दिवसाला सहा ते आठ किलो वाळला चारा लागतो. हरभरा बंद किंवा अगदी थोडा.

आणि मग वसंत येईल. इथून गेलेल्या जनावराला तो सगळ्यांत धोक्याचा. थंड प्रदेशातलं कोवळं गवत साखरेने भरलेलं असतं. सकाळच्या गारठ्यानंतर ऊन पडलं की आणखी. जे घोडं आयुष्यभर हरळी आणि कडबा खाऊन वाढलं, त्याला त्या हिरव्यागार कुरणात मोकळं सोडणं म्हणजे घात. आतड्यातून विष रक्तात उतरतं आणि खुराच्या आतले नाजूक थर सुजतात. घोडा पुढचे पाय लांब टाकून मागच्या पायांवर भार घेऊन उभा राहतो, पाऊल टाकेनासा होतो. पुढच्या पायातलं हाड तळव्यातून खाली उतरण्यापर्यंत पाळी येते. तिथे कुरणात सोडायचं ते तोंडाला जाळी बांधून, पहिले दिवस पंधरा-वीस मिनिटं.

प्रवासाचं सांगायचं राहिलं. विमानातून घोडे नेतात ते लोखंडी खणांतून. एका खणात दोन-तीन घोडे, सोबत एक मोतद्दार, समोर टांगलेली गवताची जाळी. चंदी प्रवासाच्या आधीच कमी केलेली, नाही तर उभ्या उभ्या पोटशूळ. सगळ्यांत मोठी अडचण मानेची. घोड्याला डोकं खाली घालून नाक शिंकरावं लागतं, त्यातूनच धूळ आणि शेंबूड बाहेर पडतो. मान वर बांधून पंधरा-वीस तास ठेवलं तर घाण फुप्फुसात उतरते आणि उतरल्यावर दोन-तीन दिवसांनी न्यूमोनिया. म्हणून मुक्कामात डोकं सोडतात, चारा जमिनीवर ठेवतात. अनोळखी पाणीही घोडं सहज पीत नाही. त्याला घरच्याच पाण्याची चव लागते. अमेरिकेत आठवडाभर आधीपासून पाण्यात सफरचंदाचा रस घालतात, म्हणजे नव्या गावचं पाणीही त्याच चवीचं लागावं. आपल्याकडे गुळाचं पाणी. घोडीवाल्याला हे सांगितलं तर म्हणाला, "हे तर मी करतोच. वरोऱ्याले लग्न असलं तरी डब्यात आपल्या विहिरीचं पाणी घेऊन जातो."

इथवर सगळं जमण्यासारखं वाटतं. खरी भिंत आहे ती कागदांची आणि त्यामागच्या रक्ताच्या नमुन्यांची. माझ्या घोडीवाल्याच्या घोडीच्या कानांची टोकं वर एकमेकांना टेकतात. असे कान मारवाडी आणि काठियावाडी या दोनच जातींची खूण. या जातींचे घोडे देशाबाहेर पाठवायला सरकारी परवाना लागतो, आणि तो सहजी मिळत नाही. 2000 च्या सुमारास दार काही काळ उघडलं होतं. तेव्हा फ्रँचेस्का केली नावाच्या बाईंनी मारवाडी घोडे अमेरिकेत मॅसॅच्युसेट्समधल्या चॅपाक्विडिक बेटावर नेले, राजस्थानच्या वाळूतून अटलांटिकच्या किनाऱ्यावर. त्यानंतर दार पुन्हा मिटत गेलं.

दुसरा भाग रोगांचा. 1959 ते 1961 या काळात आफ्रिकन घोडेरोग मध्यपूर्वेतून भारतापर्यंत आला आणि त्या साथीत लाखोंनी घोडे, खेचरं, गाढवं मेली. चिलटासारख्या माशीतून पसरणारा रोग. तो पुढे इथून हटला, पण नाव चिकटलं. 2014 पासून भारत या रोगापासून मुक्त मानला जातो. पण बाकीचे आहेत. 2006 मध्ये ग्लँडर्स, माणसालाही होणारा, महाराष्ट्रात पुणे-पाचगणीकडे आढळला आणि पुढे इतर राज्यांत. 2008-09 मध्ये घोड्यांच्या फ्लूची साथ आली. सर्रा तर आपल्या शेतकऱ्याला नावाने माहीत आहे, गोमाश्यांतून येणारा. गोचिडांतून येणारा पायरोप्लाझ्मोसिस उष्ण देशांत जवळजवळ घरोघरी. अमेरिकेत उतरलेल्या घोड्याचं रक्त चार रोगांसाठी तपासतात, त्यात ग्लँडर्स आहे आणि पायरोप्लाझ्मोसिसही. आपल्या गावात गोचिडी नसलेलं जनावर दाखवा म्हटलं तर मी कुठे जाऊ?

हीच गोष्ट मोठ्या माणसांनाही नडली. 2023 च्या हांगझोऊ आशियाई स्पर्धेत भारताच्या ड्रेसाज संघाने सुवर्णपदक मिळवलं, अश्वारोहणात 41 वर्षांनी. संघात मुंबईचा हृदय छेडा होता. पण घोडे भारतातून गेले नव्हते. युरोपात ठेवलेले, तिथेच विलगीकरण होऊन चीनला गेलेले घोडे ते. भारतीय स्वार, परदेशी घोडा, कारण भारतातला घोडा त्या दारातून आत शिरू शकत नव्हता. जुलै 2025 मध्ये पहिल्यांदा फट पडली. मेरठ छावणीतल्या लष्कराच्या पशुवैद्यकीय केंद्रात घोड्यांसाठी एक रोगमुक्त आवार तयार झालं आणि जागतिक पशुआरोग्य संघटनेने त्याला मान्यता दिली. पाच रोग तिथे नाहीत, असं जगाने मान्य केलं. त्या कुंपणाच्या आत वाढलेला घोडा आता परदेशी स्पर्धेला जाऊ शकेल. आपली वणीची घोडी मात्र मेरठच्या कुंपणात नाही. ती आहे निर्गुडेच्या काठच्या एका कोठ्यात, दोन बैल, एक गाय आणि भरपूर गोचिडांच्या सोबतीत.

याच शोधात मला एक उलटा प्रवास सापडला, त्याचं थोडं विषयांतर करतो. कापसाच्या वावरात घोणस चावली, तर दवाखान्यात जी सुई टोचतात ती घोड्याच्या रक्तातून बनते. नाग, मण्यार, घोणस, फुरसं, या चौघांच्या विषाचा उतारा घोड्यांच्या अंगात तयार करून काढला जातो. परळच्या हाफकिन संस्थेला आपल्या शर्यतीतून निवृत्त झालेले घोडे देता देताच सायरस पूनावालांना 1966 मध्ये सीरम इन्स्टिट्यूट काढायचं सुचलं. म्हणजे घोडा न्यू जर्सीला गेला नाही तरी वणीच्या सरकारी दवाखान्याच्या फ्रिजमध्ये मुक्कामाला असतोच.

परवा मी घोडीवाल्याकडे गेलो आणि सगळं सांगितलं. परवाना, रक्त, मेरठ, खण, बर्फ, साखरेचं गवत. तो खरारा करत होता. मानेवरून पाठीकडे, पाठीवरून मांडीकडे, केसांच्या रोखानेच. पुढचा उजवा खूर उचलून काळ्या मातीचा घट्ट गोळा त्याने आकड्याने टोकरून काढला. खुराच्या मधल्या मऊ भागाला वास येतो का ते पाहिलं. पावसात इथे तो भाग सडतो, म्हणून.

"मंग तिकडच्या लग्नात काय करतात जी?" त्याने विचारलं.

तिकडेही वराती निघतात, हे मला नवरदेवाच्या भावानेच सांगितलं होतं. गोरा मालक, त्याचा उंच पांढरा अमेरिकन घोडा, त्यावर भाड्याची जरीची झूल, पोलिसांची परवानगी, आणि वाहनतळावर पंधरा मिनिटांची वरात.

घोडीवाला खूर हातात धरून तसाच थांबला. मग हसला, या वेळी खराच.

"पंधरा मिनिटं? आणि त्याच्या घोड्याले बँडची सवय कोणं लावली?"